एकवार, दोनवार, तीनवार

लिलाव म्हटला की आमच्या धारणीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सागवान उभे राहते. उभे म्हणजे आडवे. मेळघाटात तोडलेला माल परतवाड्याच्या डेपोत रचायचा, त्याच्यावर नंबर मारायचे आणि बोली लावून विकायचा, हा वनखात्याचा जुना उद्योग. त्यामुळे इकडे कुणी नुसते "उद्या लिलावाले चाललो" म्हटले, की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "किती घनमीटर?"

माझा आणि लिलावाचा संबंध मात्र कागदोपत्रीच. मी बँकेत कारकून आहे आणि बी.कॉम. आहे. दोन्हींना आता इलाज नाही. वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी आम्हांला एक मंत्र देतात, तो असा की वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते. या उतरण्याला घसारा म्हणतात. हा मंत्र मी परीक्षेत लिहिला, पास झालो आणि त्याच्याच जोरावर नोकरीला लागलो. आमच्या शाखेत डेडस्टॉक रजिस्टर म्हणून एक वही आहे. टेबले, खुर्च्या, पंखे आणि कपाटे यांच्या जन्ममरणाच्या नोंदी तिच्यात असतात. गेली तीन वर्षे मी ज्या खुर्चीवर बसतो तिची पुस्तकी किंमत घसरत घसरत एक रुपयावर येऊन थांबली आहे. खुर्चीवर बसणाऱ्याची त्या वहीत नोंद नसते. असती तर आकडा फारसा वेगळा निघाला नसता.

जग मात्र बी.कॉम. झालेले नाही, हे मला फार उशिरा कळले. वस्तू जुनी होता होता एका ठिकाणी घसारा थांबतो आणि किंमत उलटी चढू लागते. आपल्या सरकारने तर या चढणीचा पायथा कायद्यानेच आखून दिला आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी नाणी, मूर्ती, कारागिरीच्या चिजा वगैरे पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे नव्याण्णव वर्षे अडगळ आणि शंभरी उलटली की पुरावस्तू! हे कुणी मला कॉलेजात सांगितले असते, तर पुढचा प्रकार घडला नसता.

प्रकार असा. अडीच-तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमचे हेडकॅशियर बातमी घेऊन आले की अचलपूरकडच्या एका जुन्या वाड्यातल्या सामानाचा लिलाव आहे. तीन भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. शेताचे तीन तुकडे होतात, वाड्याचे रडतखडत होतात, पण एका घंगाळाचे तीन तुकडे करता येत नाहीत. म्हणून भांडीकुंडी विकून पैसे वाटून घ्यायचे ठरले होते. ही बातमी मी घरी सांगितली, ही पहिली चूक.

"अहो, घंगाळ असेल तर आणा," सौभाग्यवती म्हणाल्या. "जुन्या पितळेची सर नव्याले नाही. अन् घंगाळच आणा. मागच्या वेळेस भाजी आणाले पाठवलं तं तुम्ही कंदील घेऊन आले होते."

तीन हजार रुपये मोजून मिळाले. रविवारी सकाळच्या एसटीने मी आणि हेडकॅशियर हरिसाल, सेमाडोह करत घाट उतरलो. वाड्याच्या चौकात सामान मांडले होते. बोली पुकारायला परतवाड्याच्या डेपोतला एक निवृत्त माणूस आणला होता. आवाज खणखणीत, पण जन्म सगळा लाकडात गेलेला. तो पितळी हंड्यावर काठी आपटून ओरडे, "नग नंबर सतरा! सरळ माल, गाठ नाही, पोकळ नाही!" हंडा पोकळ नसेल तर त्यात पाणी कुठे ठेवायचे, असे एका म्हातारबांनी विचारले तेव्हा सगळा चौक हसला. फक्त तिघे भाऊ हसले नाहीत. ते एकमेकांकडे पाठ करून तीन खांबांना टेकून उभे होते. पैसे कुणाच्या मोबाईलवर घ्यायचे यावरून सकाळीच तंटा झाला होता, म्हणून व्यवहार रोखीचा होता.

घंगाळ मला बावीसशेला मिळाले. खिशात आठशे उरले. तेवढ्यात "नग नंबर एकतीस" म्हणून एक वस्तू वर झाली. वीतभर लांबीची पितळी पेटी, एका अंगाला दौत जोडलेली, काजळीने काळी पडलेली. कलमदान! बोरूने लिहिणारे जुने कारकून हे कमरेला खोचून हिंडत. झाकणाच्या आतल्या बाजूला काही अक्षरे कोरलेली दिसली. मोडी असावी. मी खिशातला मोबाईल काढून फोटो घेतला. त्या दिवशी मी शहाणपणाचे एवढे एकच काम केले.

बोली दोनशेला सुरू झाली. समोर एकच गडी होता, जुन्या वस्तूंचा कुणी बाहेरगावचा व्यापारी. तो बोलत नसे, नुसते बोट हलवी. मी साडेपाचशे म्हटले, त्याने सहाशे केले. मी साडेसहाशे म्हटले आणि घाम पुसला. तो सातशे आणि मी लगेच साडेसातशे. त्याने बोट हलवले, आठशे. आता साडेआठशे म्हणायचे तर माझ्याकडे पन्नास रुपये कमी होते आणि परतीचे तिकीट निराळेच. मी हेडकॅशियरांच्या कानाशी लागलो, "तीनशे द्या. उद्या देतो."

हेडकॅशियर तीस वर्षे कॅशमध्ये काढलेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि अगदी गंभीरपणे विचारले, "तारण काय देता?"

बँकेतला विनोद हा असा असतो. मी हसलो. तेही हसले. मग त्यांनी आतल्या बंडीच्या खिशात हात घातला. त्या खिशाला दोन गुंड्या होत्या. दुसरी निघेतो चौकात आरोळी झाली, "एकवार! दोनवार! तीनवार!" आणि काठी आपटली.

"जाऊ द्या ना बाप्पा," हेडकॅशियर म्हणाले. "कायले पायजे होतं ते भंगार? आपल्याले बॉलपेन भेटते ना बँकेतून."

मीही जाऊ दिले असते. पण आठ दिवसांनी तो फोटो मी अमरावतीच्या एका निवृत्त शिक्षकांना पाठवला. ते मोडी वाचतात. त्यांचा त्याच रात्री फोन आला. मधली अक्षरे झिजली आहेत म्हणाले, पण "सेनासाहेबसुभा" एवढे स्पष्ट लागते आणि पुढे "फड" असावे. म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या दप्तरातल्या कुणा कारकुनाची वस्तू. "फार जपून ठेवा," ते म्हणाले.

"सर, वस्तू माझ्याकडे नाही."

बराच वेळ फोनवर काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "बरं. मग फोटो जपून ठेवा."

तेव्हापासून मी इतिहास वाचू लागलो. माणूस इतिहासाकडे दोन कारणांनी वळतो, एक अभिमान आणि दुसरे हळहळ. माझे दुसरे. सेनासाहेबसुभा हा छत्रपती शाहू महाराजांनी भोसल्यांना दिलेला किताब. पहिले रघूजी भोसले या वऱ्हाडातूनच वर आले, नागपुरास गादी केली आणि पूर्वेकडे असे सुटले की बंगालच्या अलिवर्दी खानाने १७५१ मध्ये तह करून चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये कबूल केले आणि ओरिसा सोडला. घोडदळाचे वर्णन सगळे करतात. पण बारा लाख रुपये आले म्हणजे ते कुणीतरी मोजले असतील, जमेस धरले असतील, एखाद्या वर्षी हप्ता थकला तर स्मरणपत्रही लिहिले असेल. त्या कुणाच्या तरी कमरेला कलमदान होते. हे मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही. पण कारकुनाला कारकुनाचे कळते.

ही दौलत विकली कशी गेली, ती हकीकत मात्र आमच्या गाविलगडापासून सुरू होते. धारणीहून चिखलदऱ्याला गेलात की हा किल्ला शेजारीच आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो घेतला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. किल्ल्यावर अजून तोफा पडलेल्या आहेत. त्या कशा राहिल्या याचे मला नवल वाटे. आता वाटत नाही. जे उचलत नाही तेवढेच मागे राहते.

वऱ्हाड असे निजामाकडे गेले. निजामाची आणि कंपनीची उधारी तुंबली, तेव्हा १८५३ च्या तहाने कंपनीने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर आम्ही सगळे, मेळघाटातल्या अस्वलांसकट, तारण पडलो. तारण पुढे सुटले नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाला वर्षाला पंचवीस लाख रुपये कबूल करून कायमचा भाडेपट्टा करून घेतला. ज्या प्रांताचा खुद्द इतिहासच कर्जखात्यात पडून आहे, तिथल्या माणसाने तीनशे रुपये मागितल्यावर "तारण काय" असे विचारले जाणारच.

वऱ्हाड गहाण पडले त्याच वर्षाच्या ११ डिसेंबरला नागपूरला तिसरे रघूजी वारले. पोटी मुलगा नव्हता. घराण्याने दत्तक पुढे केला. रेसिडेंट मॅन्सेलचेही मत गादी चालू ठेवावी असे होते. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानले नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. इथवरचे शाळेत शिकवतात. त्यापुढे जे झाले ते शाळेत येत नाही, कारण ते इतिहासापेक्षा डेडस्टॉक रजिस्टरात शोभणारे आहे. राज्य घेतल्यावर राजवाड्यातले सामान विकायला काढले.

के नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या उठावाच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. सीताबर्डीवर भोसल्यांचे हत्ती, उंट, घोडे आणि बैल लिलावाला उभे केले. पाच-सहाशे जनावरे मिळून आले तेराशे पौंड. त्या काळी पौंडाला साधारण दहा रुपये धरत, म्हणजे तेरा हजार रुपये. मी हा भागाकार बँकेच्या यंत्रावर दोनदा केला. नगास बावीस ते सव्वीस रुपये! आणि नगांत हत्ती होते. बंगालपर्यंत जाऊन आलेल्या फौजेचे हत्ती एका घंगाळाच्या, तेही जुन्या, शंभराव्या हिश्शाला गेले.

राजवाड्यात तेव्हा बाकाबाई होत्या, दुसऱ्या रघूजींच्या विधवा, पंचाहत्तरीच्या घरात आलेल्या. सामान हलवले तर वाड्याला आग लावीन, असे त्यांनी बजावले. तरी सामान हललेच. जवाहिर कलकत्त्याला जाऊन लिलावात निघाले. आलेल्या पैशाचा भोसले फंड करून त्यातून घराण्याचा खर्च भागवायची व्यवस्था झाली, म्हणजे त्यांचीच भांडी विकून त्यांनाच जेवू घालण्याची. कागदावर यात काही चूक काढता येत नाही. मी बँकेतला माणूस आहे, मला असले ठराव वाचताच ओळखू येतात. के स्वतः कंपनीच्या नोकरीतला. तोही लिहितो, की राज्य घेतल्यापेक्षा या विक्रीनेच वऱ्हाडात आणि आसपास लोकांची मने जास्त बिघडली असे आपल्या कानावर आले.

आणि बाकाबाई? १८५७ मध्ये त्या इंग्रजांच्या बाजूने राहिल्या, हे लोक विसरले नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत निघते. ती बाकाबाईची म्हणून सांगतात. इडापिडा घेऊन जा गे मारबत म्हणत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. वाड्याला आग लावीन म्हणणारी बाई दर वर्षी स्वतःच जळते आहे. तिच्यावर माझे काही उपकार नाहीत आणि तिची बाजू मांडायला मला कुणी नेमलेले नाही. पण घरातले सामान बैलगाडीत चढताना दारात उभी राहिलेली म्हातारी मला दिसते, याचे कारण वेगळे आहे.

धारणीच्या आधी मी एका दुसऱ्या गावी होतो. तिथे सोनेतारणाचे टेबल माझ्याकडे होते. हप्ते थकले, नोटिसा गेल्या, मुदत संपली, की दागिन्यांचा लिलाव होई. बोली शांत असे, सोनारही ठरलेले असत. एका लिलावाच्या दिवशी साठी उलटलेली एक बाई आली. तिची एकदाणी त्या यादीत होती. पैसे भरायला आलात का, मी विचारले. ती नाही म्हणाली. मग? "एक डाव पाहू द्या ना साहेब. नुसती पाहतो अन् जातो."

पाकीट सीलबंद होते. सील फोडायचे तर दोन सह्या लागतात. मी नियम सांगितला. नियम बरोबर होता, आजही बरोबर आहे. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली आणि आतले "तीनवार" ऐकू आल्यावर उठून गेली. सोन्याचे वजन मी रजिस्टरात मिलिग्रॅमपर्यंत लिहिले होते. ती बाई किती वेळ बसली होती, ते लिहायला त्यात रकाना नव्हता.

म्हणून सीताबर्डीचा लिलाव वाचताना मी कुठल्या बाजूला उभा आहे, हे मला नक्की सांगता येत नाही. हत्तीवर नंबर टाकणारा, बोलीचे आकडे मांडणारा, शेवटी बेरीज करून खाली सही करणारा कुणीतरी असणारच. त्यालाही कलमदान लागले असणार. कदाचित कालपर्यंत तो भोसल्यांच्याच फडावर असेल. राज्य बदलले तरी बेरीज करायला माणूस लागतो आणि तो बहुधा तोच असतो.

तर तिसरा लिलाव. एप्रिल २०२५ संपत आला होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी वर्तमानपत्र उघडले आणि एका शब्दावर थबकलो. सेनासाहेबसुभा! लंडनला सोदबीजच्या लिलावात पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार निघाली होती. युरोपी पद्धतीचे सरळ पाते, मुठीवर सोन्याचे नकशीकाम आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघूजींचे नाव, पुढे तो किताब. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी जे लुटून नेले त्यात ती गेली असावी, असे सांगितले जात होते. महाराष्ट्र सरकारला बातमी लागली २८ एप्रिलला आणि लिलाव होता २९ एप्रिलला. एका दिवसात मध्यस्थ नेमून सरकारने बोली लावली आणि तलवार घेतली. सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टच्या १८ तारखेला ती मुंबईला आली. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीत लोकांना पाहायला ठेवली.

मी वाचून दाखवले. हेडकॅशियर नोटा मोजत होते. हात न थांबवता म्हणाले, "म्हंजे दोनशे वर्सांनी तारण सुटलं म्हना की."

"तारण नव्हतं हो, लूट होती."

"मंग आपलीच वस्तू आपनच इकत घेतली?"

"हो."

त्यांचा हात थांबला. नोटांची मोजणी मध्ये थांबवलेले मी त्यांना तेवढे एकदाच पाहिले. "बरं केलं," ते म्हणाले. "पैसे जवळ असले पायजे बाप्पा, त्या दिवशी, त्या टायमाले." आणि त्यांनी गड्डी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.

सीताबर्डीच्या भावाने हिशेब केला, तर त्या एका तलवारीच्या पैशांत दोन लाखांच्या आसपास हत्ती-घोडे-बैल आले असते. चलनवाढ धरली नाही, हे कबूल. पण लिलावात वस्तूची किंमत ठरत नाही, हे मला तीन लिलावांनी शिकवले. तिथे एवढेच ठरते की त्या दिवशी चौकात उभा कोण होता आणि त्याच्या खिशात काय होते. सीताबर्डीवर भोसल्यांच्या बाजूने बोली लावणारा कुणी नव्हता, म्हणून हत्ती सव्वीसला गेला. लंडनला होता, म्हणून तलवार आली. अचलपूरच्या वाड्यातही एक होता. पण त्याच्या खिशात पन्नास रुपये कमी होते आणि शेजाऱ्याच्या खिशाला एक गुंडी जास्त होती.

तलवार परत आली याचा मला आनंद आहे. सरदाराच्या तलवारीसाठी सरकार धावते आणि धावावेच. पण त्याच फडावर बसून ज्याने चौथाईचे बारा लाख जमेस धरले, त्याच्या कलमदानासाठी कोण धावणार? सरकार नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या कारकुनानेच धावायला हवे होते. तो हजर होता आणि तो हसत होता.

घंगाळ मात्र उत्तम निघाले. दर दिवाळीला त्यात पाणी तापते आणि सौभाग्यवती शेजारणींना सांगतात, "यायनी आणलं. एवढी एक वस्तू बरी आणली." फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. मोबाईल बिघडेल म्हणून त्याची एक प्रत काढून मी वहीत चिकटवली आहे. खाली रजिस्टरात करतात तशी नोंदही केली आहे: कलमदान, पितळी, नग एक. किंमत रुपये आठशे. शेरा: शिल्लक नाही.